तीन आणे मण ते वीस टक्के : धानावरच्या शुल्काची गोष्ट



या पानावर मी एरवी रोवणी, खोडकिडा, खताचा हप्ता असंच लिहितो. आजची नोंद जुन्या काळातली आहे, आणि थोडी लांब आहे. सवडीनं वाचा.

कारण असं झालं. गावातल्या एका पोरानं पुसलं, "काका, अमेरिकेनं शुल्क वाढवलं म्हणून टीव्हीवर एवढा गोंधळ सुरू हाये. आपला धान तर गावच्या मिलमध्ये जाते. आपल्याले काय करायचं त्याचं?"

प्रश्न बरोबर आहे. पण आपल्या भंडारा भागाच्या धानाचा, कापडाचा आणि राईस मिलचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर दिसते की सरहद्दीवर बसवलेलं शुल्क कधी सरहद्दीवर थांबत नाही. ते खाली उतरत येते आणि ज्याच्यापाशी माल धरून ठेवायची ताकद नाही त्याच्यापाशी येऊन बसते. मदत मात्र उलटी. ती वरून निघते आणि वरच्या वरच अडकते. हे कसं होते ते एकेक करून सांगतो.

आधी शब्द नीट समजून घेऊ. शुल्क तीन तऱ्हेचं असते. एक, दुसऱ्या देशानं आपल्या मालावर लावलेलं. दोन, बाहेरून येणाऱ्या मालावर आपल्या सरकारनं लावलेलं, ते आयात शुल्क. तीन, आपलाच माल बाहेर जाताना आपल्याच सरकारनं लावलेलं, ते निर्यात शुल्क. पहिल्या दोनाची चर्चा होते. धानवाल्याला सगळ्यात जास्त लागलं ते तिसरं.

इंग्रजांच्या काळात १८६० च्या दशकात देशातून बाहेर जाणाऱ्या बऱ्याच जिनसांवर शुल्क होतं. तांदळावर मणामागे तीन आणे होते. तेव्हाचा मण म्हणजे साधारण ३७ किलो. पुढे एकेका जिनसेवरचं शुल्क उठत गेलं. गव्हाचं उठलं, निळीचं उठलं, लाखेचं उठलं. १८८० नंतर एकट्या तांदळावरचं तेवढं राहिलं. १८८२ मध्ये तर इंग्रज सरकारनं बाहेरून येणाऱ्या मालावरचं आयात शुल्कही मीठ, दारू, हत्यारं अशा थोड्या वस्तू सोडून काढून टाकलं. म्हणजे मँचेस्टरचं कापड फुकटात आत, आणि आपला तांदूळ मणामागे तीन आणे मोजून बाहेर!

एकट्या तांदळावरच का? सरकारचं म्हणणं असं की तांदूळ मुख्यतः ब्रह्मदेशातून जातो, जगात त्याला तोडीस तोड कोणी नाही, म्हणून हे तीन आणे परदेशातला गिऱ्हाईक भरतो, आपला शेतकरी नाही. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानातच धरला जायचा. हे वाक्य ध्यानात ठेवा. दीडशे वर्षांनी हेच पुन्हा ऐकू येणार आहे.

खरं सांगायचं तर भंडाऱ्याचा तांदूळ तेव्हा जहाजावर फारसा चढत नव्हता. तो नागपूर, वऱ्हाडाकडे जायचा. आधी बैलांच्या पाठीवर आणि बंडीवर, मग रेल्वेनं. नागपूरहून छत्तीसगडकडे निघालेली मीटरगेज लाईन आपल्या जिल्ह्यातून जात १८८२ मध्ये राजनांदगावला पोचली. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली, तिनं ती घेतली आणि रुंद केली. वरठीचं भंडारा रोड आणि देव्हाडीचं तुमसर रोड ही स्टेशनं त्याच लाईनवरची. रेल्वे आली तसा दूरचा भाव आपल्या बांधीपर्यंत आला. वऱ्हाडात पिकलं नाही की इथं भाव चढणार, बंदरावर पडला की इथंही पडणार. शुल्क रंगूनला भरलं जायचं, पण भावाची दोरी सगळीकडे बांधली गेली होती.

आणि या दोरीची दुसरी बाजूही आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात आपल्या भागातल्या धानाच्या जिल्ह्यांनी फार सोसलं. म्हणून "धान्य बाहेर जाऊ देऊ नका" म्हणणारा प्रत्येक जण शेतकऱ्याचा वैरी असतो असं मी म्हणणार नाही. आपल्याच गावातल्या मजुराच्या घरी वर्षाचे कितीतरी महिने विकतचा नाहीतर रेशनचा तांदूळ शिजतो. भूक खरी आहे. प्रश्न एवढाच की तिची किंमत कोणाच्या खिशातून काढायची.

आता कापडाकडे येऊ, कारण तेव्हाचा आपल्याकडचा खरा लहान धंदा तो होता. पवनी, मोहाडी, आंधळगाव इथल्या कोष्टी लोकांची मागं. पवनीचं बारीक सूत आणि रेशीम काठ, आंधळगाव-मोहाडीचा कोसा, यांचं नाव नागपूरच्या पलीकडे होतं. या मागांवर थेट कोणतं शुल्क बसलं नाही. पण विलायती कापड १८८२ पासून आत यायला शुल्कच राहिलं नाही. म्हणजे लहान धंदा शुल्क लावल्यानं मरतो तसा शुल्क काढल्यानंही मरतो. १८९४ मध्ये सरकारला पैशाची चणचण झाली, म्हणून विलायती कापडावर पुन्हा पाच टक्के बसवले. त्यावर मँचेस्टरनं ओरड केली. मग १८९६ मध्ये तोल साधला तो असा : आत येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के आणि देशी मिलच्या कापडावरही साडेतीन टक्के. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झालेली, ती पण त्यात आली. हातमाग सुटला. पण हातमागाची गिऱ्हाइकी तोवर मिलनं आणि विलायती मालानं खाल्लीच होती. हा देशी कापडावरचा कर डिसेंबर १९२५ मध्ये थांबवला आणि १९२६ मध्ये उठवला. तीस वर्षं लागली.

यातून पहिला धडा : ज्याची ओरड दिल्ली-लंडनला ऐकू जाते त्याच्या सोयीनं शुल्क हलते. मँचेस्टरची ओरड दोन वर्षांत ऐकली गेली. मुंबई-नागपूरच्या मिलवाल्यांची तीस वर्षांनी. पवनीच्या कोष्ट्याची तर नोंदही नाही.

पुन्हा तांदूळ. तीन आणे मण हे ठोक शुल्क होतं. म्हणजे भाव काहीही असो, मणामागे तीन आणे द्यायचेच. भाव चांगला असला की हे लागत नाही. भाव पडला की तेच तीन आणे जड होतात, कारण शुल्क पडत नाही, भाव पडतो. १९२९ नंतर जगभर मंदी आली, धान्याचे भाव कोसळले. तेव्हा १९३० च्या अंदाजपत्रकात सरकारनं तीन आण्याचे दोन आणे तीन पै केले. साठ वर्षांच्या वर चाललेलं शुल्क, आणि सूट किती, तर मणामागे नऊ पै!

टक्क्यातलं शुल्क असलं तर भावाबरोबर वरखाली होते. ठोक असलं तर पडत्या भावात मारते. आजही कोणतं शुल्क कसं लावलं ते बातमीत नीट वाचा, "टक्के" आहे की "किलोमागे अमुक" आहे. पुढे संत्र्याच्या गोष्टीत हे कामी येईल.

त्याच मंदीत सयामकडून मद्रासला स्वस्त कणी उतरू लागली. तिथल्या धानवाल्यांनी ओरड केली आणि १९३५ मध्ये बाहेरून येणाऱ्या कणीवर मणामागे बारा आणे आयात शुल्क बसलं. कणी म्हणजे मिलमधला तुकडा. आपण तिला कोंबडीचं खाणं समजून सोडून देतो, पण तिच्यासाठीसुद्धा सरकारला कायदा करावा लागला होता. १ एप्रिल १९३७ ला ब्रह्मदेश वेगळा झाला. मग युद्ध आलं, ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, १९४३ मध्ये बंगालमध्ये माणसं उपाशी मेली, आणि प्रांताप्रांतांच्या सीमा धान्यासाठी बंद झाल्या. तेव्हापासून शुल्कापेक्षा नाका मोठा झाला.

आपल्या बापजाद्यांनी भोगला तो हा नाका. भंडारा जिल्हा तोवर मध्य प्रांतात आणि मग मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. बालाघाट आणि दुर्ग तिकडेच राहिले. कालपर्यंत ज्या बाजारात धान जायचा, सोयरीक व्हायची, तो बाजार एका रात्रीत दुसऱ्या राज्यात गेला. १९६० च्या दशकात धान्याची राज्यवार क्षेत्रं झाली. एका राज्यातला धान परवान्याशिवाय दुसऱ्या राज्यात नेणं गुन्हा ठरला. राईस मिलवर लेव्ही बसली, म्हणजे भरडलेल्या तांदळाचा ठरलेला हिस्सा सरकारला ठरलेल्या भावात द्यायचा. नाव मिलचं, पण मिलवाला लेव्हीचा तोटा कोणाच्या धानातून काढायचा ते सांगायला नको. तांदळासाठी देश पुन्हा एक बाजार झाला तो १९७७ मध्ये. लेव्ही पूर्ण उठायला तर २०१५ उजाडलं.

आजही ही सीमा बोलते. २०२३-२४ पासून छत्तीसगड सरकार धानाला क्विंटलमागे ३,१०० रुपये देते, एकरी २१ क्विंटलपर्यंत. त्या वर्षी आपला आधारभूत भाव २,१८३ होता. मधी ना शुल्क ना जकात, फक्त एक पाटी. तरी तेवढ्यानं दोन बांध्यांच्या धानाची किंमत वेगळी झाली.

आता ज्याचे घाव ताजे आहेत त्या काळाकडे येऊ. तारखा लिहून ठेवा आणि प्रत्येक तारखेला आपल्या बांधीत काय चाललं होतं ते आठवा.

९ सप्टेंबर २०२२ : धान आणि पांढरा तांदूळ (मिलवाले ज्याला अरवा म्हणतात) बाहेर न्यायला २० टक्के निर्यात शुल्क. बासमती आणि उष्णा तांदूळ सोडून. त्याच दिवसापासून कणी बाहेर न्यायला बंदी. तेव्हा आपला धान लोंबीवर येत होता.

२० जुलै २०२३ : बासमती सोडून सगळ्या पांढऱ्या तांदळाची निर्यातच बंद. तेव्हा आपण चिखलात होतो, रोवणी सुरू होती. पऱ्हे टाकून झालेले, खत उचललेलं, मजूर लावलेला.

२५ ऑगस्ट २०२३ : उष्ण्यावरही २० टक्के.

२८ सप्टेंबर २०२४ : बंदी उठली, पण टनामागे ४९० डॉलरच्या खाली विकायचं नाही अशी अट. उष्ण्यावर २० चे १० टक्के. ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात उष्ण्याचं शुल्क शून्य आणि ४९० ची अटही गेली.

७ मार्च २०२५ : कणीवरची बंदी उठली. अडीच वर्षांनी.

सरकारची बाजू अशी होती की युद्धानं जगात धान्य महागलं, पाऊस काही भागात कमी झाला, कणी इथेनॉलला आणि पशुखाद्याला लागते. हे खोटं नव्हतं. आणि जगाच्या तांदूळ व्यापारात भारताचा हिस्सा ४० टक्क्यांच्या आसपास असल्यानं "शुल्क परदेशी गिऱ्हाईक भरतो" हे रंगूनच्या काळचं वाक्यही पुन्हा फिरलं. थोडं खरंही ठरलं. आपण हात आखडल्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये थायलंडचा तांदूळ टनामागे ६०० डॉलरच्या वर गेला, पंधरा वर्षांतला चढा भाव. पण तो चढलेला भाव थायलंड-व्हिएतनामच्या शेतकऱ्यानं घेतला, आणि भुर्दंड आफ्रिकेतल्या गरिबानं भरला. आपल्या बांधीत तो आलाच नाही.

आता हिशोब करू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. बंदरावर तांदूळ ३५ रुपये किलो धरा. २० टक्के म्हणजे ७ रुपये. बाहेरचा गिऱ्हाईक म्हणतो मी ३ सोसतो. निर्यातदार म्हणतो मी १. उरले ३ रुपये, ते मिलवाल्याच्या गळ्यात. मिलवाल्याकडे व्याज चालू, वीजबिल चालू, हमाल दारात. तो धानाच्या भावात ते काढतो. क्विंटलभर धानाचा सरकारी हिशोबानं ६७ किलो तांदूळ. ६७ गुणिले ३, म्हणजे क्विंटलमागे २०१ रुपये. एकरी १५ क्विंटल धरले तर ३,०१५ रुपये एकराला. पावती कुठंच नाही. निर्यातदाराकडे शुल्क भरल्याचा कागद आहे, आपल्याकडे नुसता कमी आलेला भाव आहे.

त्यात कणीची बंदी. बाहेरच्या माणसाला वाटते मिल तांदळावर चालते. पुष्कळदा मिल चालते ती कोंडा, कणी आणि भुशावर. सरकारी भरडाईत केंद्राचा दर क्विंटलमागे १० रुपये, वर राज्य काही घालते. बाकी तोलून धरते ते हेच उरलेलं. कणीचा भाव बसला की लहान मिलचं गणितच बसते. मोठ्या मिलकडे सॉर्टेक्स आहे, दोन-तीन बंदरांत दलाल आहेत, उष्ण्याचा प्लांट आहे, पांढरा बंद झाला तर ते उष्ण्याकडे वळतात. एका हलरवर पोट भरणाऱ्या लहान मिलवाल्याला वळायला जागा नसते. एक मिलवाला मला म्हणाला होता, "भाऊ, शुल्क दिल्लीत लागलं, पण माझ्या हमालाले मी काऊन नाही म्हणतो हे त्याले कसं समजावू?"

मग सगळ्यांनाच सारखं लागलं का? नाही. ज्यानं जाडा धान आधारभूत केंद्रावर दिला त्याला २०२२-२३ मध्ये २,०४० आणि २०२३-२४ मध्ये २,१८३ मिळाला, शुल्क असो नसो. वर राज्याचा बोनस, पहिल्या वर्षी हेक्टरी १५,००० आणि दुसऱ्या वर्षी २०,०००, दोन हेक्टरपर्यंत. ही ढाल खरी आहे, तिला नावं ठेवू नये. पण ढालीच्या बाहेर कोण राहिले ते पाहा. बारीक धानवाले, एचएमटी, जय श्रीराम लावणारे, कारण त्यांचा माल खासगीतच जातो. केंद्राच्या मर्यादेवरचा धान असलेले. आणि सगळ्यात जास्त ठेक्यानं शेती करणारे. सातबारा दुसऱ्याच्या नावावर, नोंदणी दुसऱ्याच्या नावावर, बोनसही तिकडेच. घाम फक्त यांचा.

मदतीचा कागद ज्याच्या नावावर, मदत त्याची. हा या इतिहासातला दुसरा धडा, आणि तो भंडाऱ्यापुरता नाही. आपल्या शेजारी संत्र्याचं काय झालं पाहा. वरुड, मोर्शी, काटोलचा संत्रा पिढ्यान् पिढ्या बांगलादेशाकडे जातो. बांगलादेशानं किलोमागे आयात शुल्क लावलं ते २०१९ मध्ये २० टका होतं, २०२३ पर्यंत ८८ टका झालं. ठोक शुल्क, किलोमागे! म्हणजे भाव पडला तरी ८८ द्यायचेच. तेच जुनं तीन आण्यांचं दुखणं. गाड्या कमी झाल्या, तो माल देशातल्या बाजारात उतरला आणि बागेतला भाव बसला. २०२३ च्या अखेरीस महाराष्ट्र सरकारनं निम्म्या शुल्काइतकं अनुदान देण्याची घोषणा केली. घोषणा चांगली होती. पण अनुदान निर्यातदाराला, निर्यातीचा कागद दाखवल्यावर. बागवानानं तर संत्रा झाडावर असतानाच व्यापाऱ्याला विकलेला. त्याला ते भावातून झिरपून आलं तर आलं.

आणि आता अमेरिका. ऑगस्ट २०२५ मध्ये तिनं भारताच्या बऱ्याच मालावर एकूण ५० टक्के शुल्क लावलं. कोळंबी, कापड, दागिने, गालिचे यांना मार बसला. आपल्या साध्या तांदळाचा तिकडचा बाजार लहान आहे, तिकडे मुख्यतः बासमती जातो. म्हणून त्या पोराच्या प्रश्नाचं सरळ उत्तर : थेट फरक थोडा. पण आडून येणारा फरक विदर्भानं लगेच पाहिला. कापड निर्यातदारांना हात द्यावा म्हणून केंद्रानं बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून काढलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवलं. म्हणजे नेमकी यवतमाळ-वर्ध्याची वेचणी. हमीभाव ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११०, पण खासगी व्यापाऱ्याच्या हातात बाहेरच्या स्वस्त कापसाचं कारण आलं. तिरुपूरच्या लहान कारखान्याला मदत करायची तर ती वर्ध्याच्या लहान शेतकऱ्याच्या खिशातून. १८८२ मध्ये पवनीच्या मागावर जे झालं त्याचीच ही धाकटी बहीण.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं निर्यातीला चालना देणारी २५,०६० कोटींची योजना मंजूर केली, निर्यातदारांच्या कर्जाला हमी देणारीही एक. चांगलं आहे. पण आपला लहान मिलवाला दलालामार्फत गोंदिया-रायपूरच्या मोठ्या व्यापाऱ्याला देतो, तो काकीनाडा नाहीतर विशाखापट्टणमला लावतो. शिपिंग बिलावर नाव शेवटच्या माणसाचं. कागदावर आपला मिलवाला निर्यातदारच नाही. मग शुल्क लागलं तर तो भरणार, आणि मदत आली तर ती दुसऱ्याची.

कायद्यातली एक बारीक गोष्ट पण माहीत असू द्या. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यानुसार निर्यात शुल्काचा दर सौदा झाला त्या दिवसाचा लागत नाही, बंदरावरचा अधिकारी माल सोडायचा हुकूम देतो त्या दिवसाचा लागतो. २०२३ च्या बंदीत जहाजावर चढू लागलेल्या मालाला सूट होती. ट्रकमध्ये असलेल्या, मिलमध्ये पोत्यात शिवलेल्या, शेतात उभ्या असलेल्या मालाला नव्हती. माल जितका बंदराच्या जवळ तितका तो सुरक्षित. आपण सगळ्यात लांब.

म्हणून मागायचंच असेल तर कर्जमाफीसारखं मोघम मागू नये, नेमकं मागावं. पहिलं, तांदळावर शुल्क किंवा बंदी लावायचीच असेल तर ती मे महिन्यात, पऱ्हे टाकायच्या आधी सांगा. म्हणजे कोणता धान लावायचा ते आम्ही ठरवू. दुसरं, झालेल्या सौद्यांना जुना दर लागू द्या, आणि सौदा म्हणजे मिलपर्यंतचा सौदा धरा. तिसरं, निर्यात शुल्कातून जमलेल्या पैशाचा वाटा धानाच्या जिल्ह्यांत गोदामं आणि लहान मिलच्या दुरुस्तीसाठी परत येऊ द्या. वस्तू आमची, शुल्क तिच्यावर, तर एवढं मागणं जास्त नाही.

आणि सरकार ऐकेपर्यंत आपल्या हातात काय? मला तीन गोष्टी दिसतात.

एक, थांबायची ताकद. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात धान ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल, ६ टक्के व्याज, सहा महिने मुदत. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२४ मध्ये महिन्याभरात सगळे नियम पालटले. ज्याच्या घरी बारीक धान शिल्लक होता त्याला निवड करता आली, ज्यानं चुरता चुरता विकला त्याला नाही आली. आपल्याकडे गोदामांची अडचण आहे, खरी आहे. पण समितीत मागणी अर्जच पडत नसतील तर गोदाम बांधणार कोण?

दोन, नावाचा माल. साधा पांढरा तांदूळ हा जगात कुठलाही चालतो, म्हणून त्याच्यावर शुल्काचा वार सरळ बसतो. आपल्या भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पण मानांकन जिल्ह्याला मिळालं म्हणून आपल्या पोत्याला मिळत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी चेन्नईच्या कार्यालयात करावी लागते, गटानं केली तर सोपी. चिन्नोरचं उत्पन्न कमी, धान उंच, लोळतो, हे सगळं मान्य. सगळी शेती त्याच्यात टाका असं मी म्हणत नाही. एखादी बांधी टाका. नागपूर-पुण्याचं गिऱ्हाईक कोणत्याही बंदरावर अवलंबून नाही.

तीन, कणी आणि कोंडा. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत लहान उद्योगाला ३५ टक्के, दहा लाखांपर्यंत अनुदान आहे. पोहा, मुरमुरा, तांदळाचं पीठ, कणीचा रवा, हे सगळं त्यात बसते. कणी बाहेर जाणं अडीच वर्षं बंद होतं, तेव्हा जिथं पिठाची चक्की होती तिथं ती घरातच खपवता आली. बचत गटाच्या बायांना हे आपल्यापेक्षा लवकर समजते. त्यांच्याशी बोला.

यानं शुल्क टळत नाही. तीन आणे मण चालू होते तेव्हाही आपल्या आज्या-पणज्यांनी मामा तलावाच्या पाण्यावर धान पिकवलाच. फरक एवढाच की भाव का पडला हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याला कळते. म्हणून यंदा धान विकताना प्रत्येकानं वहीत तीन ओळी लिहाव्या : तारीख, मिलनं लावलेला भाव, आणि त्या दिवशी शुल्क किती होतं. गावातल्या वीस जणांच्या अशा वह्या तीन वर्षं जमल्या, तर जिल्हाधिकाऱ्यापुढे ठेवायला आपल्याकडेही कागद असेल. आजवर कागद फक्त निर्यातदाराकडेच होता.

पुढची नोंद उन्हाळी धानाच्या पऱ्ह्यांची. थंडी लय पडली आहे, रात्री पऱ्ह्यात पाणी भरून ठेवा आणि सकाळी काढा.

राम राम.